फुली कोरडी होती

धुळे,
९ नोव्हेंबर २०२५

मृणाली,

जयभीम. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची आपल्यात रीत आहे, पण कोर्टातल्या चौदा पानी अर्जात अठ्ठावीस ठिकाणी ‘सामनेवाला’ म्हणवून घेतल्यावर ते कोणत्या तोंडाने लिहू? होय, मी मोजलं. आठ वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला सामनेवाला म्हणताना तुझ्या वकिलांना काही वाटलं नसेल, तुलाही वाटलं नाही?

तू माझा फोन ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या दिवशी तोही ब्लॉक. म्हणून हे पोस्टाने पाठवतो आहे. वकिलामार्फत बोलायचं ते तू बोल, मला जे सांगायचंय ते मी सरळ तुलाच सांगणार.

अर्जातलं एकेक घेतो. ‘हवामान खात्याचा इशारा असतानाही.’ इशारा पिवळा होता. हल्ली कुणी छत्री उघडली तरी पिवळा इशारा येतो. दिवाळी झाल्यावर, शेतात कापूस वेचणीला आलेला असताना आठवडाभर पाऊस पडेल असं कुणाच्या स्वप्नात होतं? मी सोडलेला पाऊस आहे का तो?

‘निव्वळ हौसेपोटी.’ हे वाचून माझं डोकं फिरलं. उन्हाळ्यात भूमिकाला परत सोडायला आलो तेव्हा दारातच तू काय म्हणालीस आठव. ‘तुझ्याकडे येते आणि आठवडाभर मोबाईल बघत लोळून परत येते.’ शेजारच्या बाई ऐकत होत्या. तेव्हाच ठरवलं होतं की या सुट्टीत मोबाईल नाही. पांझरा नदी उगमापासून धरायची आणि मुडावदला ती तापीला मिळते तिथपर्यंत काठाकाठाने चालायचं. सात दिवस, पाठीवर सामान, सव्वाशे किलोमीटर. कोर्टाने मला सुट्टीतले सात दिवस दिले आहेत, ते सातही दिवस मी माझ्या मुलीशेजारी चालणार होतो. यात हौस कुठे आली?

आईला बरोबर नेलं हाही गुन्हा. ‘वृद्ध व अशक्त आजी.’ हे मी तिला वाचून दाखवलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हतारी कोनले म्हणी ऱ्हायनी ती?” अडुसष्ट वर्षांची आहे, पण पहिल्या दिवशी आम्हा दोघांच्या पुढे शंभर पावलं होती. पिंपळनेरच्या पुढे रस्ता सुटला आणि चिखल लागला. माझे बाराशेचे बूट दर दहा पावलांना चिखलात राहत होते, तिची प्लास्टिकची चप्पल एकदाही अडकली नाही. तिने सगळं सामान दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये बांधून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांच्या सॅकमधून पाणी निघालं, तिच्या पिशवीतून कोरडी कळण्याची भाकरी आणि ठेचा. भूमिकाने आपली वही तेव्हा आजीच्या स्वाधीन केली.

ती वही तू पाहिली आहेस का? बघ एकदा. वाटेत लागलेला एकेक बंधारा तिने पेन्सिलीने काढलाय. शाळेच्या ओट्यावर, विहाराच्या ओसरीत, जिथे टेकलो तिथे ती काढत बसायची, ओल्या केसांतून पाणी गळत असायचं. दोन दिवसांत अकरा बंधारे झाले. एकदाही ‘मोबाईल द्या’ म्हणाली नाही. हे तुझ्या चौदा पानांत कुठेच नाही.

आता हाताचं. ‘सामनेवाल्याच्या बेजबाबदारपणामुळे अल्पवयीन मुलीचा उजवा हात मोडला.’ हे खोटं आहे आणि ते खोटं आहे हे तुला ठाऊक आहे, कारण भूमिकाने स्वतः तुला सांगितलंय की बंधाऱ्यावर ती आपणहून पुढे गेली, मी नको म्हणत असताना गेली, पाय घसरला आणि मी तिला ओढून काढलं. मुलीचा शब्द तुला पुरत नाही? मग कोणाचा पुरतो?

तू अर्जात मागितलंस की ती अठरा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे मुक्कामी येऊ नये. चार वर्षं. एक डिसेंबरला कोर्टाच्या समुपदेशक मॅडम तिला आत बोलावून विचारणार आहेत. खुशाल विचारू देत. मला कसली भीती? पोरगी खरं बोलेल.

तुला चालायचं काय कळणार म्हणा! लग्न झालं त्या वर्षी आपण लळिंगचा किल्ला चढत होतो, अर्ध्यावर आभाळ भरून आलं आणि तू म्हणालीस, मी उतरते. मी एकटा वर गेलो. तेव्हापासून आमच्या घरात कुणी माघार घेतली की ‘लळिंग केलं’ म्हणतात, भूमिकासुद्धा म्हणते. संसारातही तू लळिंगच केलंस. निदान पोरीला तरी तेच शिकवू नकोस.

सामनेवाला,
संघपाल


धुळे,
१३ नोव्हेंबर २०२५

मृणाली,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, वहीचा अर्धा कागद आणि त्यावर एक ओळ. ‘आई पुलावरून का आल्या?’

सहा वर्षांत तू मला पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात काही लिहिलंस आणि तेही उलटतपासणीचं. आई पुलावरून आली हे तुला पोरीनेच सांगितलं असणार, तिला हे कशाला विचारलंस? हात मोडून ती तापात असताना विचारलंस का? नर्स आहेस, पेशंटची चौकशी कधी करायची याचे नियम तुला मी सांगायचे का?

आई पुलावरून आली कारण तिचे गुडघे दुखत होते. संपलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे दुखतात. बंधाऱ्याचा माथा अरुंद, दगड शेवाळलेले, म्हणून ती म्हणाली की मी वळसा घालून पुलावरून येते. आम्ही दोघं बंधाऱ्यावरून निघालो. यात काळंबेरं काय आहे?

खरं कारण तुला हवंच असेल तर ऐक, आणि हे तुझ्या वकिलांनाही दाखव. त्यांना फड म्हणजे काय ते ठाऊक नसेल म्हणून लिहितो. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने गावाच्या सामाईक बागायतीला ओळीने मिळतं, तो फड. पाटावर फिरून राखण करणारा तो जागल्या. माझे आजोबा आमच्या गावच्या फडाचे जागल्या होते. नदीचं पाणी त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल, कारण बाकीचे पाणी घ्यायला यायचे आणि हे नुसतं बघायला उभे असायचे.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला काठाशी एक मोठा काळा खडक आहे. त्यावर आजोबांनी छिन्नीने फुली कोरली. नियम साधा होता. पाणी फुलीला लागलं की बंधाऱ्यावरून कुणी जायचं नाही. फुली कोरडी असेल तर खुशाल जा. सगळा गाव ती फुली बघून ये-जा करायचा. पाटीलसुद्धा आमच्या आजोबांच्या फुलीपुढे थांबायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या घराण्याला गावात दुसरा कसला मान होता? ती एक फुली होती.

सत्तावीस ऑक्टोबरला दुपारी तीनला आम्ही तिथे पोचलो. पाऊस होता, पण बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी घोट्याएवढंच वाहत होतं. मी भूमिकाला फुली दाखवली. कोरडी होती. पाण्यापासून चांगली हातभर वर. मी माझ्या मनाने निर्णय घेतला नाही, मृणाली. आजोबांच्या नियमाने घेतला.

फुली खोटी का ठरली? चोरांनी नदी खणून नेली म्हणून. बंधाऱ्याच्या खालची वाळू ट्रॅक्टर लावून उपसली. जिथे गुडघाभर वाळू होती तिथे आता दोन पुरुष खड्डा आहे. वरून कितीही पाणी आलं तरी ते त्या खड्ड्यात पडतं, खडकापर्यंत चढतच नाही. नदी भरून वाहते आणि फुली आपली कोरडी. म्हणजे माझ्या आजोबांना यांनी खोटारडं ठरवलं, आणि तू अर्ज करतेस माझ्यावर! त्यांच्यावर कर ना. त्यांच्यावर करायला कुणाची छाती नाही, सामनेवाला मात्र पत्त्यावर आयता सापडतो.

येत्या रविवारी मी तिथे जाऊन फोटो काढणार आहे. खड्ड्यांचे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचे, फुलीचे. तिथे काठावर ताईबाई म्हणून एक बाई शेळ्या चारते, तिने सगळं पाहिलंय. तिचा जबाब घेणार आहे. मग बघू कोण बेजबाबदार ते.

संघपाल


धुळे,
१७ नोव्हेंबर २०२५

मृणाली,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघत नव्हतो.

काल गेलो होतो. फोटो काढले, एकूण बावीस. पाणी उतरलंय, खड्डे आता उघडे दिसतात. एका खड्ड्याच्या कडेला भूमिकाच्या सॅकचा पट्टा बाभळीच्या मुळीत अडकलेला होता, निळा. सॅक काही मिळाली नाही. पट्टा आणलाय.

मागच्या पत्रात मी ‘ओढून काढलं’ असं लिहिलं होतं. नाही, ते पहिल्या पत्रात. त्यात थोडी दुरुस्ती आहे. भूमिका मधोमध घसरली, हात अंगाखाली आला. सॅकमध्ये पाणी भरलेलं, ती सॅक तिला खड्ड्याकडे ओढत होती. मी तिची वेणी धरली आणि दुसऱ्या हाताने सॅकचं छातीवरचं बक्कल सोडवलं. सॅक गेली. पण त्यानंतर मला तिथून हलता येईना. पाणी घोट्याचं पोटरीपर्यंत आलं होतं. आम्ही दोघं बंधाऱ्याच्या मधोमध बसून होतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर. ताईबाईने हाका मारून शेतातून तिघांना बोलावलं, ते गुरांची दावी एकाला एक बांधून आले. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. मी कुणाला काढलं नाही.

ताईबाईला काल मी म्हटलं, मावशी, वाळूचोरांविरुद्ध जबाब द्याल का? आपल्याला कोर्टात दाखवायचाय. तिने आधी विचारलं, “पोरगीना हात कसा शे?” मी म्हटलं, प्लास्टर आहे, सहा आठवडे. मग म्हणाली, “मी कोर्टमा येसू. जे देखं ते बठ्ठं सांगसू. वाळूनं बी, नि तुन्हं बी.”

तुन्हं बी! म्हणजे माझंही सगळं सांगणार! चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर. हिच्याकडे मी मदतीला गेलो होतो आणि ही मलाच बोल लावते. राग आला, उठलो आणि निघालो. शेळ्या चारणाऱ्या बाईकडून मी नदी शिकायची? माझा आजा त्या पाटाचा जागल्या होता, हिचा कोण होता?

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले. तिने एकही पाहिला नाही. तिचं माझ्याशी बोलणं बंधाऱ्याच्या त्या दिवसापासून बहुतेक ‘भाकरी झाली’ आणि ‘पाणी आलं’ एवढंच आहे. मी विचारलं, तुलाही तिच्यासारखंच वाटतं का? तर उठून कपडे वाळत घालायला गेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

सगळे मिळून एकच बाजू का घेता तुम्ही? माझी मुलगी पाण्यात होती. माझी. ती वेणी माझ्या हातात होती, अजून रात्रपाळीला मशीनच्या दांड्यावर हात ठेवला की ती हातात असल्यासारखं वाटतं. हे कोणत्या अर्जात लिहायचं असतं?

ताईबाईला मी कोर्टात आणणार नाही. तिची गरज नाही. भूमिका सांगेल तेवढं पुरे.

संघपाल


धुळे,
२३ नोव्हेंबर २०२५

मृणाली,

काल भेटीच्या शनिवारी मेहरूणच्या बागेत तू लांबच्या बाकावर बसली होतीस. दोन तास तलावाकडे बघत होतीस, आमच्याकडे पाहिलं नाहीस. मी मनात म्हणत होतो, किती ही आढ्यता. आता वाटतं, तू आम्हाला बोलायला जागा देत होतीस.

भूमिकाने शेंगदाणे घेतले, डाव्या हाताने सोलून सोलून मलाच देत होती. मग म्हणाली, “पप्पा, टेन्शन घेऊ नका. मॅडमना काय सांगायचं ते मी लिहून पाठ केलंय.” आणि वही काढली.

तीच वही. पुढच्या बाजूने बंधारे आहेत, एक ते अकरा, सुबक. त्यानंतरची पानं कोरी. वही उलटी करून मागच्या बाजूने तिने डाव्या हाताने लिहिलंय. पहिलीतल्या मुलाचं असावं तसं मोठं, वाकडं अक्षर. तीन वेळा लिहिलंय. पहिल्यात लिहिलं होतं, ‘पप्पांनी विचारलं, जायचं का? मी हो म्हटलं.’ ते खोडलं. दुसऱ्यात, ‘पप्पा मागे थांबले होते, मी पळाले.’ तेही खोडलं. तिसरं पूर्ण आहे. मी विचारलं, दुसरं का खोडलंस? तर म्हणाली, “पळाले म्हटलं तर मॅडम विचारतील, पावसात कशाला पळालीस? मग मला उत्तर सुचेना.”

चौदा वर्षांची पोर, मृणाली. मोडका हात गळ्यात अडकवून बापासाठी खोटं रचते, खोडते, पुन्हा रचते, आणि ते पाठ झालं का म्हणून बापालाच म्हणून दाखवते. आणि मी? ‘पोरगी खरं बोलेल’ असं मी तुला नऊ तारखेला लिहिलं. तिचं खोटं ढालीसारखं पुढे धरून मी तुझ्यावर ओरडत होतो. मला माझीच शिसारी आली. त्या वेळी तिने सोललेले शेंगदाणे खाल्ले. तुझ्याकडे सोडली आणि बसने घरी आलो.

आता जे झालं ते लिहितो. एकदाच लिहीन.

आईचे गुडघे दुखत नव्हते. आम्ही बंधाऱ्यापाशी पोचलो तेव्हा ताईबाई शेळ्या घेऊन वर येत होती. तिने लांबूनच हाक मारली. “ओ भाऊ! त्या फुलीवर भरोसा ठेवू नको. खालनी वाळू बठ्ठी लई ग्यात. ती फुली आते भिजसच नही. पुलवरथून जा.” मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. वाळूचं मला नंतर कळलं असं मी तुला कुठे लिहिलं नाही, पण तुझा तसा समज व्हावा असंच लिहिलं होतं. मला ते आधीच सांगितलेलं होतं, तोंडावर.

आईनेही ऐकलं. ती म्हणाली, चल पुलावरून. मी म्हटलं, आजोबांची फुली कोरडी आहे, ती परकी बाई काय सांगते? आई म्हणाली, “तुन्हा आजाले मरीसन तीस वरीस व्हयनात. नदी काय तठेच बशेल शे का?” आणि पिशवी उचलून चालायला लागली. पूल दोन किलोमीटरवर होता. दोन तिकडे, दोन इकडे, पावसात एक तास जास्त. एवढंच होतं.

मला का पटलं नाही? पुलाची वाट पाटलांच्या आळीतून जाते, आमची फुली सोडून तिथून जायचं? दोन दिवस मी भूमिकाला सांगत आलो होतो की आपल्या गावात गेल्यावर बघ, तुझ्या पणजोबांच्या एका खुणेवर सगळा गाव चालायचा. आणि तिथे पोचल्यावर एक शेळ्यावाली सांगते की ती खूण आता काही कामाची नाही. पोरीसमोर सांगते. ते मला सहन झालं नाही. आजोबा असते तर त्यांनी त्या बाईचं ऐकलं असतं, हे मला आता कळतंय. त्यांनी फुली कोरली ती नदी रोज बघून कोरली होती. मी नदी बघितलीच नाही. मी खडक बघत होतो.

भूमिका आजीच्या मागे निघाली होती. दहा पावलं गेली असेल. तू म्हणशील, मग ती बंधाऱ्यावर कशी आली. मी तिला हाक मारली, हसत हसत म्हटलं, “काय गं, लळिंग करतेस? मम्मीवर गेलीस शेवटी.”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग परत आली आणि माझ्या बाजूने निघून सरळ बंधाऱ्यावर चढली, माझ्या पुढे. ती आपणहून पुढे गेली हे तिने तुला सांगितलं ते खरं आहे. का गेली ते तिने सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं, की मला, ते मला माहीत नाही. बहुतेक आपल्या दोघांनाही.

लळिंगचंही सांगून टाकतो. त्या दिवशी तू उतरल्यावर मी किल्ल्यावर गेलोच नाही. दरवाजाच्या खाली असतानाच विजा सुरू झाल्या. एका कपारीत अंग चोरून अडीच तास बसलो होतो, दात वाजत होते. पाऊस थांबल्यावर उतरलो आणि तुला म्हटलं, वरून काय देखावा होता! पंधरा वर्षं तुझी चेष्टा केली, पोरीला शिकवली. तू बरोबर होतीस म्हणून केली. एवढी साधी गोष्ट लिहायला मला ही चार पत्रं लागली.

मी अजून रागावलेलाच आहे. वाळू नेणाऱ्यांवर आहे, तो अर्ज मी तहसीलला वेगळा देणार आहे, बावीस फोटो लावून. ताईबाईकडे जाऊन पाया पडणार आहे. तुझ्यावरही थोडा आहे, अठ्ठावीस वेळा म्हणजे जास्तच झालं. पण ते सगळं एका बाजूला.

हे पत्र तुझ्या वकिलांना दे. कोर्टात लाव. मी नाकारणार नाही, खाली पूर्ण सही आणि तारीख टाकतो आहे. कोर्टाने चार वर्षं म्हटलं तर चार वर्षं. मी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बागेत येत जाईन, तू त्याच बाकावर बस.

माझी मागणी एकच आहे. एक तारखेच्या आत भूमिकाला हे वाचायला दे. मॅडमसमोर तिला काही पाठ म्हणायला लागू नये. ती वही घे आणि मागची तीन पानं तिच्यासमोर फाड, किंवा तिला फाडू दे. डावा हात चालतो तिचा. बंधारे राहू देत.

आई आत्ता विचारून गेली की इतका वेळ काय लिहितोस. मी सांगितलं. चहा ठेवलाय तिने, दोघांचा.

तिसऱ्यांदा लिहिलेलं, न खोडलेलं, त्यातली शेवटची ओळ मला पाठ झाली आहे. ‘पप्पा नको नको म्हणत होते.’

मृणाली, मी एकदाही नको म्हटलं नाही.

संघपाल पितांबर बैसाणे
२३/११/२०२५